करंज्या, केक आणि रिकामी गव्हाणी: दगदगीच्या नाताळात येशूसाठी जागा कशी करावी

आमच्या घरची गव्हाणी मातीची आहे. मरीया, योसेफ, तीन मेंढरं, एक बैल, एक गाढव आणि बोटभर लांबीचं बाळ. बाळ आम्ही 24 डिसेंबरला रात्री बारा वाजता ठेवतो, तोवर गवताची जागा रिकामी असते. त्या बाळाच्या पाठीवर तेलाचा एक पिवळट डाग आहे. तो माझ्या बोटाचा.

त्या वर्षी पुण्याच्या गाडीनं नगरकडची पाच माणसं आली होती. मुलीची सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती आणि करंज्यांचा शेवटचा घाणा राहिला होता. घरचे सगळे रात्रीच्या उपासनेला निघाले तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." कढईत एक करंजी फुटली, सारण तेलात पसरून काळं झालं. गॅस बंद करून, तेल निवायची वाट बघून ते गाळून घेईस्तोवर चर्चची घंटा वाजायला लागली. बारा वाजले होते. बाळ माझ्याकडेच होतं, फडताळात मसाल्याच्या डब्यामागं जपून ठेवलेलं. तेलकट हातांनीच ते उचललं, बाहेरच्या खोलीत जाऊन गवतावर ठेवलं आणि तिथंच जमिनीवर बसून रडले. चार आठवडे ज्याच्या नावानं मी राबत होते, त्याची मला त्या चार आठवड्यांत मनापासून एकदाही आठवण झाली नव्हती.

लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. त्या रात्रीनंतर आमच्या घरात हळूहळू जे बदललं, ते इथं पायरीपायरीनं लिहिते आहे. सगळं एका वर्षात जमत नाही, आम्हालाही जमलं नाही. यातली एखादी पायरी जरी यंदा धरलीत तरी चालेल.

आधी अर्थ, मग तयारी

नाताळ म्हणजे येशूचा वाढदिवस असं आपण मुलांना सांगतो. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे की शब्द, म्हणजे येशू, देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. आपल्या मराठीत 'वस्तीला येणं' याचा अर्थ घरोघरी ठाऊक असतो. जेवून गेला तो पाहुणा. वस्तीला राहिला त्याला मात्र आपलं न आवरलेलं घर दिसतं, सकाळची घाई दिसते, भांडण ऐकू येतं. देव असा वस्तीला आला, हा नाताळचा गाभा आहे. इम्मानुएल या नावाचा अर्थही तोच: आम्हांबरोबर देव.

आणि तो कुठल्या घाईत आला, हेही बघा. रोमच्या औगुस्त कैसरानं, म्हणजे बादशहानं, नावनिशी लिहून घेण्याचा हुकूम काढला होता. नासरेथहून बेथलेहेम वाटेप्रमाणं सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे इंदूरहून रतलामला चालत जाण्यासारखं, आणि मरीया पूर्ण दिवसांची. शुभवर्तमानात तिच्यासाठी गाढव होतं असंही कुठं लिहिलेलं नाही, ते आपल्या चित्रांत आलं. पोचल्यावर उतारशाळेत जागा नाही. बाळ जन्मलं, बाळंत्यात गुंडाळलं गेलं आणि जनावरांच्या दावणीत निजलं. काही काळानं हेरोद राजाच्या भीतीनं रातोरात मिसर देशाकडं पळ. पहिला नाताळ असा दगदगीतच झाला. म्हणून ताण संपला की मग निवांत नाताळ करू, असं म्हणत बसू नका. घर आवरून झालं की प्रभू येतो, असं त्या गोष्टीत कुठंच नाही. जागा लागते, तीही दावणीएवढी. पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्या जागेसाठी आहेत.

पहिली पायरी: नोव्हेंबरच्या शेवटी यादी, आणि यादीवर काट

नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवा. पोरांनाही. एका मोठ्या कागदावर नाताळची म्हणून जी जी कामं आपण करतो ती सगळी लिहून काढा. पडदे धुणं, रंगाचा हात, चांदणी लावणं, सियागंजातून मैदा-सुकामेवा आणणं, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू, केक, सगळ्यांना नवे कपडे, शेजाऱ्यांची ताटं, कॅरलवाल्यांचा चहा, चर्चमधलं सजावटीचं काम, मुलांच्या नाटकाचे पोशाख. आमची पहिली यादी 41 कामांची झाली होती. त्यातली 33 माझ्या नावावर होती.

मग प्रत्येक कामापुढं एकच खूण करा. या कामानं प्रभूची आठवण होते का? झाली तर त्यापुढं क्रूस काढा. त्यानं माणूस जोडला जातो का? मग गोल करा. आणि 'न केलं तर लोक काय म्हणतील' एवढंच ज्यामागं कारण आहे, त्यापुढं फुली मारा. खूण करताना खरं बोला. एकच काम एका घरात गोल असेल आणि दुसऱ्या घरात फुली. आमच्याकडं पडद्यांना फुली मिळाली, ते आता होळीनंतर धुतले जातात. चांदणीला क्रूस मिळाला, कारण ती लावताना मुलगी ताऱ्याच्या मागानं बाळाला भेटायला आलेल्या मागी लोकांची, म्हणजे ज्ञानी पुरुषांची गोष्ट दर वर्षी नव्यानं विचारायची. फराळाचे सात प्रकार होते, ते दोनावर आले. करंज्या राहिल्या, कारण त्या भरायला शेजारच्या दोन काकू येऊन बसतात आणि दुपारभर गप्पा होतात. लाडू गेले. सुरुवातीला सासूबाईंना ते फार लागलं. "दिवाळीत सगळ्यांचं ताट भरून येतं, आपलं अर्धं कसं पाठवायचं?" असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. आम्ही ताट लहान घेतलं. कुणीही काही म्हटलं नाही.

उरलेल्या कामांची वाटणी त्याच बैठकीत करा, आणि नावानिशी करा. मार्थेची गोष्ट आठवा: येशू घरी आला तेव्हा बहीण त्याचं ऐकत बसली आणि मार्था एकटी कामात गुंतली. येशूनं तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत. ती पुष्कळ गोष्टींची काळजी एकटीच वाहत होती, तिकडं त्यानं मायेनं बोट दाखवलं. आपल्याकडं या गोष्टीवर प्रवचन होतं आणि प्रवचन संपलं की बाया चहाची भांडी विसळायला उठतात. मला हे मनापासून खटकतं. शुभवर्तमान ऐकणाऱ्या घरात सणाचं सगळं ओझं एका बाईच्या पाठीवर असणं शोभत नाही. आमच्याकडं आता सामान आणणं, तळणाचा एक दिवस आणि पाहुण्यांची अंथरुणं यांच्याकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं आहेत. तळण त्यांना सुरुवातीला जमलं नाही, आता माझ्यापेक्षा चकली खुसखुशीत होते.

कामाच्या दिवसांबद्दल दोन साध्या गोष्टी. केकसाठी सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवायचा असेल तर स्वच्छ बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. मिश्रण बेकरीत भाजायला देणार असाल तर 18-19 तारखेलाच द्या. 22 नंतर रांग लागते, ट्रे अदलाबदल होतात आणि त्या धावपळीत अख्खी संध्याकाळ जाते. दुसरं, 24 तारखेला दुपारी चारनंतर चूल पेटवायची ती फक्त त्या रात्रीच्या जेवणासाठी. हा नियम आम्ही मोडत नाही. जे तळून झालं नसेल ते तसंच राहतं.

पैशाचा आकडा आधी ठरवा

नाताळआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवाराच्या आत एकूण खर्चाचा आकडा लिहून तो फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. त्यात कपडे, किराणा, भेटवस्तू, प्रवास आणि दानार्पण, सगळं धरा. दानार्पण आधी बाजूला काढा, शेवटी उरेल ते नको. कर्ज काढून किंवा हप्त्यावर घेऊन नाताळ करू नका, जानेवारीत शाळेची फी असते.

कमी पैशांत सण केला तर मुलांना वाईट वाटेल, ही भीती मला होती. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या एका ओळीनं ती गेली. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीया-योसेफांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं, असं अर्पण केलं. नियमशास्त्राप्रमाणं ते अर्पण कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होतं. म्हणजे देवाच्या पुत्राच्या आईवडिलांनी गरिबाची सवलत घेतली, आणि लूकनं ती लपवली नाही. ही ओळ मी मुलीला वाचून दाखवली आणि घरची परिस्थिती सरळ सांगितली. तिनं नव्या फ्रॉकऐवजी जुन्यालाच लेस लावून मागितली.

भेटवस्तूंचं म्हणाल तर मोठ्यांनी एकमेकांना देणं आम्ही बंद केलं. त्या पैशांतून एका ओळखीच्या घरचा महिन्याचा किराणा भरतो. त्या घराचं नाव आम्ही चर्चच्या मंडळीतही सांगत नाही.

चार रविवार, चार वाचनं

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार कोणता हे काढायला सोपं आहे: 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, तो. परातीत वाळू घेऊन चार मेणबत्त्या उभ्या करा. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. ही पद्धत जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विखेर्न नावाच्या पाळकानं 1839 मध्ये अनाथ मुलांसाठी सुरू केली असं मानतात. नाताळ कधी येणार असं ती मुलं रोज विचारायची, म्हणून त्यानं दिवस मोजायला मेणबत्त्या लावल्या. वाट बघणं डोळ्यांना दिसावं, एवढाच तिचा उपयोग. मेणबत्त्यांच्या महागड्या चक्राची गरज नाही. परातीत वाळू, बाजूला चार आंब्याची पानं, पुरे. लहान मुलं असतील तर परात उंचावर ठेवा आणि मेणबत्ती पेटती सोडून उठू नका.

वाचनं अशी ठेवा. पहिल्या आठवड्यात लूक 1, ओवी 26 ते 38: देवदूत मरीयेकडं येतो. दुसऱ्या आठवड्यात मत्तय 1, ओवी 18 ते 25: योसेफाचं स्वप्न. तिसऱ्या आठवड्यात लूक 1, ओवी 39 ते 56: मरीया तिच्या नात्यातल्या अलीशिबेकडं जाते आणि गाते. चौथ्या आठवड्यात लूक 2, ओवी 1 ते 20: जन्म आणि मेंढपाळ. आठवडाभर तोच उतारा. रोज नवा घेऊ नका. सातव्या दिवशी त्यातलं एखादं वाक्य आपोआप ओठांवर येतं, आणि तेच हवं आहे.

रोज किती वेळ? दहा मिनिटं. आमच्या घरी सकाळी सहाला, कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीत येण्याआधी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उतारा एकदा मोठ्यानं वाचायचा, हळू. मग जो शब्द अडला किंवा भिडला तो मनात धरून दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं. मन भटकेल, यादी आठवेल, दूध उतू जाईल का असं वाटेल. आठवलेलं काम कागदावर टिपायचं आणि परत त्या शब्दावर यायचं. शेवटी एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. रोज एकच नाव. दहा नावांची यादी वाचली की तेही एक काम होऊन बसतं.

एक वर्ष माझ्याजवळ 'उतारशाळा' हा शब्द असाच आठवडाभर राहिला. त्या आठवड्यात एका नातेवाईक मुलाचा फोन आला. नोकरीच्या मुलाखतीसाठी इंदूरला येतोय, दोन दिवस राहू का म्हणून विचारत होता. नेहमीसारखं "अरे, नाताळची गडबड आहे रे" असं माझ्या तोंडात आलं होतं. ते तोंडातच राहिलं. त्याला बाहेरच्या खोलीत गव्हाणीशेजारी अंथरूण घालून दिलं.

आणि हे वाचन मराठीत करा. इंदूरला होळकरांच्या काळापासून आपण मराठी बोलत राहिलो, पण कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम 1877 मध्ये सुरू झालं त्या दिवसांपासून इथल्या मंडळ्यांची भाषा मुख्यतः हिंदी आहे. उपासना हिंदीत, 'बडा दिन मुबारक' हिंदीत, आणि ते सुंदरच आहे. पण आईनं ज्या भाषेत निजवलं त्या भाषेत देवाचं वचन कानावर पडलं की ते निराळ्या ठिकाणी जाऊन बसतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करण्यात घालवली, ती साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या आणि पुढं 1924 मध्ये ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओव्या-अभंगांत प्रभूचं गाणं आणलं. मुलांना मराठी वाचायला अडखळायला होत असेल, इथं बहुतेकांना होतं, तर त्यांना एक-एक ओवी वाटून द्या. अडखळत वाचू द्या, मध्ये दुरुस्त करू नका.

गव्हाणी घरातच करा

इंदूरच्या लाल चर्चला असिसीच्या संत फ्रान्सिसचं नाव आहे. गव्हाणी मांडण्याची प्रथा ज्याच्यामुळं रुजली तो हाच. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची रात्र केली. बेथलेहेमच्या बाळाचे हाल डोळ्यांनी बघावेत, अशी त्याची इच्छा होती. तेव्हा गव्हाणी चकचकीत करण्याच्या मागं लागू नका. जुनं खोकं, पेंढा, मातीची चित्रं. कापसाचा बर्फ आम्ही लावत नाही, मालव्याच्या थंडीत बर्फ नसतो आणि मेंढपाळ तर उघड्या रानात होते.

गव्हाणीपाशी एक वाटी आणि कागदाच्या चिठ्ठ्या ठेवा. ज्याला जी काळजी असेल ती त्यानं लिहून घडी घालून वाटीत टाकायची. परीक्षा, कर्ज, आजारपण, भांडण, काहीही. कुणी कुणाची वाचायची नाही. 24 च्या रात्री बाळ ठेवलं की वाटी त्याच्याजवळ सरकवायची. एवढंच. आमच्याकडं सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या सासरे टाकायचे, जे एरवी कधी कशाची काळजी बोलून दाखवत नसत.

शेजारच्या मुलांना गव्हाणी बघायला बोलवा. ती विचारतील, बाळ गवतावर का. जागा नव्हती म्हणून, असं सांगा. मुलांना ते लगेच कळतं.

अबोला

नाताळचा ताण कामाचा असतो त्याहून जास्त माणसांचा असतो. कुणाला बोलवायचं, कोण कुणाशी बोलत नाही, 25 ला जेवायला एकाच खोलीत दोघं कसे बसणार. चौथ्या रविवाराच्या आत यातल्या एका तरी नात्याकडं वळा.

आपल्या इंदूरच्या परिसरातच याचं एक मोठं उदाहरण आहे. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनी देवास जिल्ह्यात उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत. सावकारी पाशातून लोक सुटावेत म्हणून त्या झटल्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसमधून इंदूरकडं येत असताना त्यांची चाकूनं हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, पुढं तुरुंगात गेली आणि ज्यानं वार केले त्या माणसाला तिनं राखी बांधली. तो सुटल्यावर त्यांच्या केरळातल्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला आणि त्यांनी त्याला जवळ केलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला राणी मारिया यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आलं. हे आठवलं की जावेशी लग्नातल्या मानपानावरून धरलेला अबोला मला धरवत नाही.

कसं करायचं ते सांगते, कारण इथं शब्दच सुचत नाहीत. भेट नको, आधी फोन करा, संध्याकाळी जेवणानंतर. पहिल्याच वाक्यात सांगा: "माझ्याकडून तुला लागलं, मला माफ कर." त्याच्यापुढं 'पण' लावू नका. झालेल्या गोष्टीचा हिशेब काढू नका. समोरचं माणूस गप्प राहिलं तर राहू द्या, "नाताळला ये" म्हणा आणि फोन ठेवा. ते नाही आलं तरी तुमचं काम झालं. मी ज्या फोनबद्दल सांगते आहे त्याला उत्तर यायला दोन वर्षं लागली.

मात्र घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर क्षमेच्या नावाखाली त्याच घरात परत जाऊन बसा, असं कुणी सांगू नये आणि कुणी ऐकूही नये. मनातला द्वेष प्रभूच्या हाती देणं वेगळं, आणि दार बंद करून सुरक्षित राहणं वेगळं. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

ज्या घरी यंदा कुणी नाही

सासूबाई गेल्या त्या वर्षी मी करंज्या केल्याच नाहीत. मंडळीतल्या एका बाईनं मला सांगितलं, "नाताळला रडू नये, आनंदाचा सण आहे." तिचा हेतू चांगला होता. पण मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमच्या आयांचा आक्रोश आहे, हेरोदानं त्यांची बाळं मारली म्हणून. जन्माच्या गोष्टीतच तो लिहून ठेवला आहे. पुष्कळ चर्चांमध्ये 28 डिसेंबरला त्या निष्पाप बाळांची आठवण करतात. त्यामुळं रडू आलं तर रडा. गेलेल्या माणसाचं नाव जेवणाआधीच्या प्रार्थनेत मोठ्यानं घ्या, सगळ्यांना तेच हवं असतं आणि कुणी आधी बोलत नाही. सणाचं जे काम त्यांचं होतं, ते यंदा सोडायचं की दुसऱ्यानं करायचं, हे आधी ठरवा. ऐनवेळी त्या रिकाम्या पाटाकडं बघून सगळे गप्प होतात.

दुःख आठवडेच्या आठवडे हलत नसेल, झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडंही जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र आणि मोफत आहे. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

24 ची रात्र, आणि ज्यांची ड्यूटी असते त्यांच्यासाठी

दुपारी चारला स्वयंपाकघर आवरतं घ्या. संध्याकाळी साधी खिचडी-कढी करा. फोन 24 च्या संध्याकाळपासून 25 च्या दुपारपर्यंत गप्प ठेवा, शुभेच्छा कुठं पळून जात नाहीत. उपासनेला अर्धा तास आधी जाऊन बसा. थंडी असते, शाल घ्या. त्या अर्ध्या तासात काही मागू नका, चार आठवड्यांतलं एखादं वाक्य आठवा. लूक म्हणतो की मरीयेनं सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचं मनन केलं. तिच्या अवतीभवती त्या रात्री बाळंतपणानंतरचा सगळा पसारा असणार, अनोळखी मेंढपाळ आत आलेले असणार, तरी तिनं ते केलं.

माझी नणंद नर्स आहे. दहातली सात वर्षं तिला 24 ला रात्रपाळी असते. आपल्या समाजात नर्स, वॉर्डबॉय, रेल्वेत, सिक्युरिटीत असलेली किती माणसं आहेत! नाताळ चुकला म्हणून तिला फार वाईट वाटायचं. एकदा तिनंच म्हटलं, "वहिनी, मेंढपाळ पण ड्यूटीवरच होते की." खरंच आहे. रात्री कळप राखणाऱ्यांना, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाच, देवदूतांनी सर्वांत आधी सांगितलं. मंदिरातल्या याजकांना नाही. शिवाय येशूचा जन्म अमुक तारखेला झाला असं बायबलमध्ये कुठंच नाही. रोममध्ये 25 डिसेंबरची नोंद सापडते ती इसवी सन 336 ची, म्हणजे जन्मानंतर तीन शतकांहून अधिक काळानं. तेव्हा तुमची उपासना 26 ला झाली तर काही बिघडत नाही. नणंद आता रात्री बाराला वॉर्डातल्या खिडकीशी उभी राहून लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या सात ओव्या मनात म्हणते आणि मग पुढच्या पलंगाची सलाइन बघायला जाते. तिच्या वाटणीचं ताट आम्ही झाकून ठेवतो, आणि ती येईस्तोवर बाळही ठेवत नाही. त्या वर्षी बारा वाजले तरी गव्हाणी रिकामी असते, सकाळी आठला भरते.

25 नंतर

25 ला दुपारी सगळे थकलेले असतात. पाहुण्यांना सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी वेळ सांगून ठेवा, मध्ये झोपा. याबद्दल कुणाचा राग येत नाही, उलट तेही झोपतात.

नाताळ एका दिवसाचा नाही, 25 डिसेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत बारा दिवसांचा आहे, आणि 6 जानेवारीला मागी लोकांच्या भेटीचा सण येतो. सगळ्यांकडं 25 लाच जायची धडपड करू नका. वाचन सुरूच ठेवा: लूक 2 मधले, मंदिरात बाळाला ओळखणारे म्हातारे शिमोन आणि हन्ना, मग मत्तय 2. ज्यांच्याकडं कुणी जात नाही अशी दोन घरं निवडा आणि 29-30 तारखेला जा, तेव्हा कुणीच येत नसतं. आमच्या मंडळीतल्या एका एकट्या राहणाऱ्या आजींकडं आम्ही गराडू, म्हणजे इकडचा तळून खायचा कंद, घेऊन जातो. तळायला त्यांच्याच गॅसवर बसतो, मसाला भुरभुरतो, आणि त्या त्यांच्या लहानपणच्या मिशनच्या बंगल्यातल्या नाताळच्या गोष्टी सांगतात. तासाभराचं काम असतं, उठायला तीन तास लागतात.

गव्हाणी 6 जानेवारीच्या संध्याकाळी काढा. चित्रं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळा, बाळ सगळ्यांत शेवटी. वाटीतल्या चिठ्ठ्या न वाचता जाळून टाका. फुल्या मारलेली यादी मात्र फेकू नका. ती घडी घालून बाळाबरोबर त्याच खोक्यात ठेवा, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात खोकं उघडलं की दोन्ही एकदमच हाताला लागतील.